अर्ध्या तासाने बंद पडणारी एमजीबी: ‘गरम झालीय’ म्हणण्याआधी एवढं बघा

लक्षण असं आहे. गाडी सकाळी पहिल्या सेल्फला चालू होते, गावातून छान धावते. वीस-तीस मिनिटं झाली, लांबलचक चढ लागला किंवा एकाच वेगाने बराच वेळ चाललो, की एक आचका देते आणि बंद. बॉनेट उघडून पंधरा मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नाही अशी चालू होते. घरी आणून तपासावी तर दोष सापडत नाही, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

ज्यांच्याकडे जुनी एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) किंवा तिच्या पिढीतली कुठलीही पॉइंट-कंडेन्सरवाली, म्हणजे ठिणगीसाठी करंटची उघडझाप यांत्रिक संपर्कांनी करणारी गाडी आहे, त्यांना हे दुखणं ओळखीचं असेल. आमच्या घरात ते पन्नास वर्षांत तीनदा मुक्कामाला आलं. तिन्ही वेळा चेहरा तोच होता, माणूस मात्र वेगळा निघाला.

आमची गाडी १९६९ची, लाल, उघड्या टपाची. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त एमजीबी तयार झाल्या, तेव्हा दुर्मीळ म्हणून तिच्याकडे कुणी वळून बघत नाही. माझे सासरे, अण्णा, मिरजेहून डॉक्टर होऊन शेफिल्डला आले होते. १९७४ साली त्यांनी ही पाच वर्षं वापरलेली गाडी घेतली. माझा नवरा आणि नणंद लहानपणी हिच्या सीटमागच्या फळीवर बसून फिरले. आज मुलांना तिथे बसवायचं धाडस मी करणार नाही, पण तेव्हा सगळेच बसवत. मी २००३ साली सून म्हणून आले तेव्हा गाडीची एकच दंतकथा मला पहिल्याच आठवड्यात ऐकवली गेली: ‘ती गरम झाली की रुसते. चहा प्यायचा, मग निघायचं.’ डिकीत थर्मास कायमचा. त्याच्या शेजारी एक जुनं लाटणं. लाटण्याचं काय ते पुढे येईलच.

‘गरम होते’ हे निदान आलं कुठून? अण्णांच्या मामांकडे मिरजेला ॲम्बॅसॅडर होती. आंबा घाटात ती उन्हाळ्यात बंद पडायची, मग गाडीतल्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ओलं फडकं टाकायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि निघायचं. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या ड्रायव्हरांनी हे केलेलं आहे, आणि त्या गाडीपुरतं ते बरोबरही होतं. ॲम्बॅसॅडरचा पंप इंजिनालाच बोल्टने बसवलेला, इंजिनाच्या उष्णतेत तापणारा. तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून आणतो. ओढताना नळीतला दाब कमी होतो, त्यात नळी तापलेली, म्हणजे पेट्रोलची वाफ व्हायला सगळी सोय झाली. वाफ झाली की पंप नुसता हवा चघळतो.

गंमत अशी की एमजीबीचं इंजिन ॲम्बॅसॅडरच्या घराण्यातलंच. ॲम्बॅसॅडरचं जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं, दोन्ही बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सीरिज या इंजिन-कुळातली भावंडं. फायरिंग ऑर्डरसुद्धा, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रमही, तीच, १-३-४-२. त्यामुळे अण्णांनी घाटातलं निदान जसंच्या तसं इकडे आणलं, यात त्यांचं फारसं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण एमजीबीचा पंप इंजिनावर नाहीच. तो एसयू कंपनीचा विजेवर चालणारा पंप आहे आणि बसवलाय मागे, उजव्या मागच्या चाकाच्या पुढे, बॅटरीच्या पेटीजवळ. तो टाकीजवळून पेट्रोल पुढे ढकलतो. ढकललेल्या, दाबाखालच्या पेट्रोलची नळीत सहजासहजी वाफ होत नाही. चालत्या गाडीत तर आणखीच कठीण, कारण बॉनेटखाली वारा खेळत असतो. म्हणून शेफिल्डच्या हवेत, ताशी पन्नास मैलांवर, तापमानाचा काटा मध्यावर असताना बंद पडणाऱ्या एमजीबीला ‘गरम झाली’ म्हणणं मला पटेना.

खरी उष्णतेची तक्रारही या गाडीत असते, पण ती वेगळी दिसते. दोन्ही कार्बोरेटर एक्झॉस्टच्या बरोबर वर बसलेले आहेत. लांबून येऊन गाडी बंद केली, दहा मिनिटांनी चालू करायला गेलात आणि ती नुसती फिरत राहिली, तर कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळलंय असं समजा. तेव्हा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. दाब-सोड करून उपयोग नाही, एसयू कार्बोरेटरला ॲक्सिलरेटर पंपच नसतो. कार्बोरेटरमागचा उष्णतारोधक पत्रा जागेवर आहे ना तेही बघा. मूळच्या पत्र्याला ॲस्बेस्टॉसचं अस्तर असतं, ते खरवडू नका. एवढंच. आपला प्रश्न चालता चालता बंद पडण्याचा आहे.

पहिला मुक्काम: लाटणं

ही माझ्या आधीची गोष्ट. एसयू पंपाच्या आतही डिस्ट्रिब्युटरमधल्यासारखे (प्लगना ठिणगी वाटून देणारा तो डिस्ट्रिब्युटर) पॉइंट असतात. ते उघडझाप करतात तेव्हा टिक-टिक आवाज येतो. किल्ली फिरवली की आधी भरभर टिकटिक, कार्बोरेटरच्या वाट्या (त्यातली पेट्रोल साठायची भांडी) भरल्या की शांतता. पॉइंट काळे पडले, झिजले की पंप मधेच अडकतो. अण्णांना एका ट्रकवाल्याने युक्ती सांगितली की पंपावर लाकडी दांड्याने टकटक कर. सासूबाईंचं जुनं लाटणं तेव्हा स्वयंपाकघरातून जे डिकीत गेलं ते परत आलं नाही. पुढे पंप बदलला, टकटक थांबली, पण ‘गरम होते’ हा समज घरात राहिला. कारण पंप लाटण्याने चालू झाला की थांबल्यामुळे, हे कधी कुणी वेगळं करून पाहिलंच नव्हतं. चहा पिऊन झाल्यावर लाटणं मारलं जायचं!

दुसरा मुक्काम: टाकीचं झाकण

हा मी स्वतः पाहिला. पेट्रोलच्या टाकीचं झाकण हरवलं, नवं मागवलं. नवं अगदी घट्ट बसायचं, चकचकीत होतं, सगळे खूष. दोन महिन्यांनी रुसणं सुरू. विचित्र म्हणजे टाकी काठोकाठ भरली असेल तेव्हा गाडी लवकर बंद पडायची. १९६९च्या गाडीला हवेचं भोक असलेलं झाकण लागतं. आम्हाला मिळालं होतं भोक नसलेलं, हवेची वेगळी नळी असलेल्या नंतरच्या गाड्यांचं. पेट्रोल खर्च होत गेलं की टाकीत पोकळी तयार होते, बाहेरची हवा आत यायला वाट नाही, शेवटी पंप ओढून ओढून हरतो. भरलेल्या टाकीत हवेची जागा मुळातच थोडी, म्हणून पोकळी लवकर ताणली जाते. पंधरा मिनिटं थांबलं की कुठूनतरी फटीफटीतून हवा आत झिरपते आणि गाडी चालू. उष्णतेचा यात काडीचाही संबंध नव्हता. होता तो वेळेचा, आणि आम्ही वेळेलाच उष्णता समजत होतो.

निदान मात्र सोपं निघालं. बंद पडल्या पडल्या झाकण उघडलं तर ‘फुस्स’ करून हवा आत गेली, आणि गाडी लगेच चालू झाली.

बंद पडल्यावरची पहिली दोन मिनिटं

झाकणाच्या प्रकारानंतर मी कोल्हापूरला बाबांना फोन केला. त्यांचं उद्यमनगरात गॅरेज होतं, ॲम्बॅसॅडरची बी-सीरिज इंजिनं त्यांनी शेकड्याने खोलली असतील. ते म्हणाले, “अगं, आधी करंट गेलाय का पेट्रोल गेलंय ते ठरव की. बंद असताना ठरव. चालू झाली की गाडी खोटं बोलती.” मी त्यानंतर जे काही शिकले ते या एका वाक्याभोवतीच.

गाडी बंद पडत असतानाच पहिला पुरावा मिळतो, आणि बहुतेकजण तोच घालवतात. आचका बसला की लगेच क्लच दाबू नका. रस्ता मोकळा असेल तर गियरमध्येच राहू द्या, चाकं इंजिनाला फिरवत राहतील. आता आरपीएमच्या काट्याकडे बघा. १९६४च्या शेवटापासूनच्या एमजीबीत हा काटा विजेवर चालतो, कॉइलला (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाला) जाणाऱ्या करंटच्या उघडझापीवर. इंजिन फिरतंय पण काटा धाडकन शून्यावर आला, तर कॉइलचा प्राथमिक करंट तुटलाय: किल्लीचा स्विच, तिथून कॉइलला येणारी पांढरी वायर, कॉइल, पॉइंट किंवा त्यांच्या वायरी यांतलं काहीतरी. काटा इंजिनाबरोबर सावकाश खाली आला, तर उघडझाप चालू आहे. मग पेट्रोलकडे वळा, नाहीतर रोटर (डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरून एकेका प्लगला ठिणगी देणारा), कॅप (त्यावरचं झाकण), कंडेन्सर यांच्याकडे. गाडीतून उतरण्याआधीच निम्मं निदान झालं.

कडेला सुरक्षित जागी थांबल्यावर किल्ली चालू ठेवा आणि इंडिकेटर लावून बघा. तोही मेला असेल तर दोष किल्लीच्या स्विचमध्ये किंवा त्याच्या जोडणीत, कारण पंप, कॉइल आणि इंडिकेटर या सगळ्यांचा करंट तिथूनच येतो. इंडिकेटर ठीक असेल तर पंपाचा आवाज ऐका. भरभर टिकटिक आणि थांबतच नाही: टाकी रिकामी आहे किंवा नळी हवा ओढतेय. अजिबात आवाज नाही: वाट्या भरलेल्या आहेत किंवा पंप मेलाय. इथे लाटण्याला काम आहे. एक टकटक केल्यावर भरभर टिकटिक सुरू झाली तर चोर सापडला. मग झाकण उघडा, फुस्स होतं का बघा. तापलेल्या एक्झॉस्टवर कार्बोरेटरची नळी सोडून पेट्रोल येतंय का हे बघायच्या फंदात पडू नका. ते काम घरी, थंड इंजिनावर, लांब नळी बाटलीत सोडून करायचं. धडधाकट पंप मिनिटाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त पेट्रोल देतो.

ठिणगीसाठी डिकीत एक सुटा प्लग आणि चिमट्याची वायर ठेवा. प्लगच्या वायरीत सुटा प्लग खोचायचा, त्याचं धातूचं अंग चिमट्याने इंजिनाला जोडायचं, हातात धरायचं नाही, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. निळी, तडतडणारी ठिणगी हवी. पिवळट, मरगळलेली असेल तर कंडेन्सरवर संशय घ्या. कॉइलमधून निघणाऱ्या मधल्या जाड वायरीवर ठिणगी आहे पण प्लगवर नाही, तर रोटर किंवा कॅप. हल्ली मिळणारे काही रोटर आणि कंडेन्सर नवे असूनही हलके असतात, तापले की मान टाकतात. त्यामुळे ‘आत्ताच तर बदललाय’ हा पुरावा धरू नका. जुना, चाललेला भाग फेकू नका, डिकीत ठेवा.

आणि बारा व्होल्टचा साधा टेस्ट लॅम्प. एक टोक अर्थला (गाडीच्या धातूच्या अंगाला), दुसरं कॉइलच्या त्या टोकाला जिथून पांढरी-काळी वायर डिस्ट्रिब्युटरकडे जाते. सेल्फ मारताना दिवा लुकलुकला पाहिजे. लागतच नसेल तर कॉइलपर्यंत करंट नाही, किंवा कंडेन्सर अथवा पॉइंटची वायर आतल्या आत अर्थला टेकलीय. सतत लागलेला असेल तर करंट डिस्ट्रिब्युटरच्या दारापर्यंत आलाय पण पॉइंटमधून अर्थला जात नाहीये.

तिसरा मुक्काम: दोन इंच वायर

मागच्या मे महिन्यात स्नेक पासवर पुन्हा आचका. शेफिल्डहून ग्लॉसॉपकडे जाणारा हा डोंगरातला रस्ता, माथा सुमारे ५१० मीटरवर, थांबायला जागा मोजक्याच. अण्णा चालवत नाहीत आता, पण शेजारी बसतात. नवरा चालवत होता. आचका बसताच सवयीने क्लच दाबला, गाडी कडेला, बॉनेट वर, थर्मास बाहेर. पंधरा मिनिटांनी चालू. झाकण बरोबर, पंप नवा. घरी काही सापडेना.

पुढच्या रविवारी मी चालवायला बसले. त्याच चढावर आचका बसला, मी क्लच दाबला नाही, पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला. काटा शून्यावर गेला आणि लगेच परत उठला. गाडी चालू! पुन्हा हलका ॲक्सिलरेटर दिला, पुन्हा आचका, पुन्हा काटा शून्य. पाय उचलला, चालू. अण्णा म्हणाले, “थांब, गरम झालीय ती.” मी म्हटलं, “अण्णा, गरम झाली असती तर तुमच्या चहाआधी चालू कशी झाली?”

म्हणजे या खेपेला थांबायची गरजच नव्हती. किल्ली लगेच फिरवली असती तर ती लगेच चालू झाली असती. पण घरातला नियम पंधरा मिनिटांचा, त्यामुळे कधी कुणी लगेच फिरवून पाहिलीच नाही.

हलक्या ॲक्सिलरेटरवर तुटतं आणि पाय उचलला की जुळतं, असं डिस्ट्रिब्युटरमध्ये एकच जण करतो: व्हॅक्यूम ॲडव्हान्स, म्हणजे इंजिनाच्या हवेच्या ओढीने ठिणगी थोडी आधी पाडणारी यंत्रणा. लुकास कंपनीच्या या २५डी४ डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट ज्या पाटीवर बसतात ती पाटी हलती असते. आमच्या गाडीत व्हॅक्यूमची नळी कार्बोरेटरवर येते. इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर न देता नुसतं चालू) असताना ओढ नसते, हलक्या ॲक्सिलरेटरवर धावताना भरपूर असते. तेव्हा पाटी फिरते, आणि तिच्याबरोबर आतल्या दोन बारीक वायरी वाकतात. एक पॉइंटकडे करंट आणणारी, दुसरी पाटीला अर्थ देणारी. पन्नास वर्षं वाकून वाकून तार आतून तुटते, वरचं कापडाचं आवरण शाबूत राहतं. बघायला वायर एकदम ठणठणीत.

खात्री करायची रीत फार आवडली मला. घराच्या दारात गाडी आयडलवर चालू ठेवली, कार्बोरेटरच्या टोकाची व्हॅक्यूमची नळी काढून तोंडात धरली आणि सरबत ओढावं तशी हवा ओढली. इंजिन बंद. पुन्हा चालू केलं, पुन्हा ओढली, पुन्हा बंद. (नळीचं टोक पुसून घ्या, चव बरी नसते.) मग किल्ली चालू, पॉइंट मिटलेले, पाटी ओढलेल्या जागी धरून टेस्ट लॅम्प लावला: दिवा सतत लागलेला. पाटीपासून डिस्ट्रिब्युटरच्या अंगापर्यंत चिमट्याची वायर लावताच दिवा विझला. अर्थची वायर, जेमतेम दोन इंचांची.

बदलताना एक चूक टाळा. हाताशी असलेली साधी प्लॅस्टिकची जाड वायर घालू नका. ती पाटीला अडवते, ॲडव्हान्स नीट होत नाही आणि काही महिन्यांत तीही तुटते. भरपूर बारीक तारांची, कापडी आवरणाची मऊ वायर हवी, थोडी सैल, रोटरच्या वाटेत न येणारी. डिस्ट्रिब्युटर उघडलाच आहे तर दुसरी वायरही बदला, ती पहिलीच्याच वयाची आहे. पॉइंटची फट ०.३८ मिलिमीटर लावा, मग टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) बघा. फट हलली की टायमिंगही हलतं, त्यामुळे उलटा क्रम चालत नाही.

कॉइलही बदलायची असेल तर एक गोष्ट. आमच्यासारख्या १९६९च्या गाडीला साधारण तीन ओहमची कॉइल लागते. १९७४च्या शेवटापासूनच्या रबरी बंपरवाल्या गाड्यांना दीड ओहमची, कारण त्यांच्या वायरिंगमध्ये वेगळा रोधक असतो. दीड ओहमची जुन्या गाडीत लावली की कॉइल तापते, पॉइंट जळतात, आणि मग खरोखरच ‘गरम झालीय’.

कुणी म्हणेल, इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा, पॉइंट-कंडेन्सरची कटकटच नको. बसवा, माझं भांडण नाही. पण अर्थची ही वायर त्यातही पाटीला लागतेच, आणि ते यंत्र रस्त्यात मेलं तर दुरुस्त होत नाही. जुनी पाटी पॉइंटसकट डिकीत ठेवा. रबरी नळ्याही तपासा. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१पासून साधं पेट्रोल दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं झालंय, आणि जुनं रबर त्यात आतून सोलतं. सोललेला तुकडा नळीत झडपेसारखा उभा राहिला की पुन्हा तेच लक्षण, चौथ्या नावाने.

त्यानंतर स्नेक पासवर चार फेऱ्या झाल्या, एकदाही आचका नाही. अण्णा अजून थर्मास आणतात, माथ्यावर थांबायला लावतात, इंजिन गरम झालं असेल म्हणून. चहा होतो, हरकत काय!

सध्या एक नवी कुरबुर आहे. इंजिन बंद, किल्ली चालू, वाट्या भरलेल्या, अशा वेळी पंपाने निदान अर्धा मिनिट तरी गप्प बसावं. आमचा दर दहा सेकंदांनी एकदा टिक करतोय. पंपाच्या झडपेतून पेट्रोल मागे गळतंय किंवा कार्बोरेटरची (वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी) सुई नीट बसत नाहीये. पुढच्या रविवारी आधी मागच्या कार्बोरेटरची वाटी उघडणार आहे.